नुसती सलामी

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बंदुकांपैकी बहुतेक बंदुका गोळी न झाडताच बिघडलेल्या असतात. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. बंदुकीचा कारागीर म्हणजे दिवसभर धूर आणि धडाम-धुडूम, असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात माझ्या टेबलावर येतो तो गंज, गोठलेलं खोबरेल, हळदीचा वाळका लगदा आणि कपाटाच्या वरच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वस्तूचा वास. आमच्या भागात परवान्याची बंदूक बाहेर निघायचे प्रसंग दोनच. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला, आणि दसऱ्याला पाटावर ठेवायला. निवडणुकीने बंदूक सहसा बिघडत नाही, दसऱ्याने बिघडते.

मी मूळचा फिटर. आयटीआय केलं, पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली. मग कंपनीने टूलरूमचं काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि मी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. हा 'स्वेच्छा' शब्द ज्याने शोधला त्याला एकदा भेटायचं आहे. घरी बसून दोन महिन्यांत बायको माझ्याकडे बघून कंटाळली आणि मी भिंतीकडे बघून. पिंपरीच्या बाजारात हुसेनभाईंचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची नजर अधू होत चालली होती आणि त्यांना बारीक कामाचा हात हवा होता. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक मोडका चाप टाकला आणि म्हणाले, "असाच दुसरा बना के दाखवा." संध्याकाळी मी केलेला तुकडा त्यांनी अंगठ्याने चाचपून पाहिला. "हात चांगलाय तुमचा," म्हणाले, "पण तोंड जरा जास्त चालतं." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

हुसेनभाईंचा एक नियम होता. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते दोनदा विचारायचं. "माणूस झूट नाही बोलत बाबा. पण त्याचा लफ्ज एक असतो अन् मतलब दुसरा. पहले पूछो, फिर बोलो." मला हा नियम तेव्हा म्हाताऱ्या माणसाचा सावधपणा वाटायचा. टूलरूममध्ये ड्रॉइंग हातात येतं, त्यावर माप लिहिलेलं असतं, विचारायचं काय?

आता ज्या रायफलीबद्दल सांगायचं आहे ती लिव्हरवाली, बावीस नंबरची. इंग्रजी सिनेमात घोड्यावरचा माणूस चापाखालची लोखंडी कडी खाली-वर करत गोळ्या झाडत सुटतो, तशी. तिच्या मुख्य नळीखाली दुसरी बारीक नळी असते, तीत पंधराएक काडतुसं एकामागे एक बसतात. कडी खाली केली की वापरलेलं काडतूस बाहेर उडतं आणि नवं वर येतं. कडी वर घेतली की ते नळीत जाऊन बसतं. एवढ्या सगळ्या कामाला आतले भाग अगदी मोजके. बनवणाऱ्याने एकेका भागाला दोन-दोन कामं दिली आहेत आणि कुणीही ओव्हरटाइम मागत नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा रायफली दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील, सगळ्या परदेशी आणि सगळ्या कुणाच्या तरी वडिलांच्या. इतर बंदुका मी दुरुस्त करतो. हिच्यावर माझा जीव आहे, हे सरळच सांगतो.

हिच्या काडतुसाचं एक वेगळेपण आहे. ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड त्यावर उभी आहे. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक टिकली असते. बंदुकीतली सुई तिच्यावर आपटली की ते पेटतं. बावीसच्या काडतुसाला अशी टिकली नाही. पेटणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या काठात भरलेला असतो, म्हणून हिची सुई मध्यावर न आपटता काठावर आपटते. काडतूस आत असेल तर तो पितळी काठ मार खातो. काडतूस नसताना चाप ओढला तर सुई थेट नळीच्या मागच्या तोंडावर जाऊन बसते, लोखंडावर लोखंड. एकदा-दोनदा काही होत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मावळातले एक पाटील दर डिसेंबरात यायचे, "कडी हालंना" म्हणून. दसऱ्याला ते रायफलीला खोबरेल पाजत, चांगलं वाटीभर. थंडी पडली की ते आत गोठायचं. मी म्हटलं, मशीनचं तेल वापरा. तर म्हणाले, "पूजेला मशीनचं त्याल? देवाला चालंल का?" मी म्हटलं, चाकणच्या सगळ्या कंपन्यांतल्या देवांना चालतं. ते हसले, पैसे दिले आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा हजर. वाकडच्या एका उंच इमारतीतल्या साहेबांना वडिलांची रायफल मिळाली होती. त्यांना ती सिनेमातल्यासारखी एका हाताने गरकन फिरवून कडी मारायची होती. नका करू म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच केलं आणि तीन बोटं कडीत चेमटून घेतली. माणूस आयटीतला. दोन आठवडे एका हाताने टाइप करत होता म्हणे.

आणि गावठाणातल्या जवळजवळ प्रत्येक रायफलीवर गंजाचे पाच ठिपके. ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं, वर्षानुवर्षं त्याच जागी. माझ्या घरी शस्त्रपूजा नव्हती. आम्ही बौद्ध. दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जाणारी माणसं. कंपनीत मशीनला हार घातला जायचा तेव्हा मी रांगेत उभा असायचो, पण लक्ष पेढ्यांच्या बॉक्सवर. दुसऱ्याच्या घरात पाटावर बंदूक ठेवून नेमकं काय करतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं आणि कधी विचारलंही नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी, रहाटणीचे तात्या पहिल्यांदा दुकानात आले. हुसेनभाई नमाजला गेले होते, गल्ल्यावर मी एकटा. तात्या जुन्या गावकऱ्यांपैकी, साठीचे, पांढरं धोतर, हातात चादरीत गुंडाळलेली रायफल. चादर सोडल्यावर मी पाहतच राहिलो. आठ पैलूंची नळी, अक्रोडाचा दस्ता, कडी बोटाने ढकलली तरी लोण्यासारखी उघडणारी. तात्यांच्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, ती मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून रीतसर घेतली होती. मी नळीचं तोंड भिंगाखाली पाहिलं. काठ कोरा करकरीत, नुकताच लेथवरून उतरल्यासारखा.

"चांगली हाय ना, मिस्त्री?" तात्यांनी विचारलं.

"नवी आहे म्हणा," मी म्हणालो.

"आमचा आप्पा दसऱ्याला हिच्यातनं एक गोळी उडवायचा, वढ्याच्या अंगाला. सलामी म्हनायचा. आता वढ्यावर बी बिल्डिंगी झाल्या, गोळी उडवाया जागा न्हाई राह्यली. तवा म्हनलं, नुस्ती सलामी दिली तर चालंल का? हिला काय व्हनार न्हाई ना?"

सलामी. माझ्या डोळ्यांपुढे आलं ते असं, की घरातली सगळी माणसं रांगेत उभी राहून पाटावरच्या रायफलीला हात कपाळाला लावून सलाम ठोकताहेत, पंधरा ऑगस्टला झेंड्याला ठोकतात तसा. मला थोडं हसू आलं. 'हिला काय व्हनार न्हाई ना' या शब्दांनी माझे कान टवकारायला हवे होते. हाताच्या सलामाने रायफलीला काय होणार? कशी सलामी, असं विचारायचं क्षणभर तोंडावर आलंही होतं. पण यांच्या घरच्या रीतीतलं आपल्याला काही कळत नाही हे कशाला उघडं पाडा, असं वाटलं. आणि तोंड तर मुळातच जास्त चालणारं.

"तात्या, वर्षातून एकदा काय, रोज द्या की सलामी," मी म्हणालो. "लोखंड आहे, त्याला काय होतंय?"

तात्या खूश झाले. पिशवीतून चार पेरू काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि रायफल चादरीत गुंडाळून निघून गेले. हुसेनभाई नमाजहून आले तेव्हा मी त्यातला एक खात होतो. कोण आलं होतं विचारलं तर म्हटलं, काही नाही, एक गिऱ्हाईक नुसतं विचारायला आलं होतं.

पुढे हुसेनभाई गेले. बऱ्याच खेपा घातल्यावर दुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर झाला. तात्या परवान्याच्या नूतनीकरणाच्या आधी दुकानावरून जात, रामराम करत, पण रायफल घेऊन आले नाहीत. चालत असलेली वस्तू कारागिराकडे कोण आणतं?

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते पुन्हा आले. ऐंशी ओलांडलेली, ऐकू जवळजवळ बंद. कानाचं मशीन होतं, पण ते खिशात. सोबत चाळिशीतली एक बाई, कंपनीच्या गणवेशात. ही मनीषा, तात्यांची थोरली सून. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती, गिअर तपासायची. तिचा नवरा आजारपणात गेला होता. त्यानेच तिला रायफल क्लबात नेलं होतं. तो गेल्यावरही तिने रविवारचा सराव सोडला नव्हता.

"मिस्त्री, ही चालंना," तात्या म्हणाले. "लई दिसांनी क्लबात नेली, तर निम्म्या गोळ्या फुटंनात. काई आतच अडाकत्यात."

मनीषाने पर्समधून प्लास्टिकची डबी काढली. तीत न फुटलेली काडतुसं होती, प्रत्येकावर मार्करने नंबर. "काका, सुईची खूण सगळ्यांवर उथळ आहे. आणि जी अडकली त्यांच्यावर एकाच जागी ओरखडा आहे. मला वाटतं, आत बर आलीय." बर म्हणजे मार खाऊन किंवा कापताना धातूची उठलेली कड. हा शब्द कारखान्यातल्या माणसाशिवाय कुणी वापरत नाही. गिऱ्हाईक रोगाचं निदान करून येण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

मग तिने भानगड सांगितली. वय झालेल्या परवानाधारकाला हयातीतच आपलं हत्यार वारसाच्या नावावर करता येतं. तात्यांना ते मनीषाच्या नावावर करायचं होतं. धाकटा मुलगा दिलीप याला रायफल नको होती आणि घरातही नको होती. त्याचं म्हणणं, ही कटकट एकदाची पोलिसांत जमा करून टाकावी. जमा केलेलं हत्यार परत कुणी मागितलं नाही, की शेवटी वितळवायला जातं.

"मी घरात सांगून टाकलंय," तात्या मोठ्याने म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसे. "चालती झाली तर मनीषाच्या नावावर. न्हाई झाली तर दिलीप म्हनतो तसं जमा. मोडकं हत्यार सुनंच्या गळ्यात बांदायचं न्हाई. कागदाची तारीख म्होरल्या म्हयन्यात हाय."

मी रायफल उघडली, भिंग लावलं आणि नळीच्या तोंडात उजेड सोडला. वरच्या बाजूला, घड्याळात बारा असतात तिथे, खळगा होता. सुईने ठोकून ठोकून पाडलेला. खळग्यातलं लोखंड पुढे सरकून नळीच्या आत आलं होतं, काडतूस तिथेच अडत होतं. आणि काठाला पलीकडून आधार द्यायला जिथे लोखंड हवं तिथे खड्डा, मग गोळी फुटणार कशी? एवढा खळगा दहा-वीस वेळा चाप ओढून पडत नाही.

"घरात कुणी रिकामा चाप ओढत बसतं का?" मी विचारलं.

"नाही हो," मनीषा म्हणाली. "कुणी हात लावत नाही. फक्त दसऱ्याला, सलामीला."

"सलामी म्हणजे कशी?" वीस वर्षं उशिरा मी विचारलं.

तिने हाताने करूनच दाखवलं. पूजा झाली की तात्या रायफल उचलतात, कडी मारतात, नळी आभाळाकडे करतात आणि चाप ओढतात. खट्. मग त्यांचा भाऊ. मग मुलगे, पुतणे, नातू, वयाप्रमाणे. चुलत धरून बाराएक माणसं. कडेवरच्या पोराचंसुद्धा बोट चापावर ठेवून ओढतात.

"आणि बायका?"

"आम्ही हळदीकुंकू लावतो. ओवाळतो." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "पण काका, तुम्हीच सांगितलं होतं ना? तात्या दर दसऱ्याला सांगतात. मिस्त्रीनं सांगितलंय, रोज दिली तरी चालंल."

तात्या स्टुलावर बसून भिंतीवरचा परवाना वाचत होते, त्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. टूलरूममध्ये पार्ट बाद झाला की तो कुणाच्या मशीनवर झाला ते तक्त्यावर लागायचं. हा माझ्या मशीनवरचा होता. मला लाज वाटली. लाज वाटत असतानाही मी, "बघतो, चार दिवस ठेवा," एवढंच म्हणालो.

हे काम कानशीने होत नाही. आत आलेली बर घासून काढली तर काडतूस जाईल, पण काठाचा आधार कायमचा जाईल. सरकलेलं लोखंड होतं त्या जागी परत ढकलायचं असतं. त्यासाठी मी कडक पोलादाच्या सळीची निमुळती, गुळगुळीत दांडी तयार केली. ती नळीच्या तोंडात घालून अगदी हलक्या दाबाने फिरवायची, काढायची, भिंगातून बघायचं, पुन्हा घालायची. एक केसभर जास्त झालं की तोंड अंडाकृती होतं आणि मग तिला देवही दुरुस्त करू शकत नाही. दुसरी नळी मिळणार कुठून? चार दिवस म्हणालो होतो, नऊ लागले. मनीषा पहिली शिफ्ट सुटली की येऊन बसायची. तिचं येणं मला आधी जड गेलं, कारण क्वालिटीवाला मागे उभा राहिला की फिटरचा हात बिचकतोच. पण ती बोलत नसे. एकदाच म्हणाली, "घाई करू नका काका, तारीख अजून आहे."

बर परत बसली. खळगा मात्र पूर्ण भरला नाही आणि भरणारही नव्हता. म्हणून मी सुई नवी केली, टोकाला किंचित रुंद, म्हणजे तिचा मार खळग्याच्या दोन्ही कडांना शाबूत लोखंडावर बसेल.

रविवारी सकाळी क्लबाच्या रेंजवर गेलो. तात्यांसाठी प्लास्टिकची खुर्ची मागवली. ते काठीवर हनुवटी टेकून बसले. मनीषाने दहा काडतुसं भरली, कडी मारली, नेम धरला आणि चाप ओढला. टक्. गोळी फुटली नाही.

"फुटली न्हाई," तात्या म्हणाले. ऐकू येत नव्हतं, पण धूर दिसला नव्हता. मनीषा हलली नाही. न फुटलेली गोळी उशिरानेही फुटू शकते, म्हणून नळी निशाणाकडेच ठेवून थांबायचं असतं. ते थांबणं मला नऊ दिवसांपेक्षा लांब वाटलं. मग तिने कडी खाली केली, काडतूस बाहेर पडलं. पुढची गोळी फुटली, त्यापुढचीही. नऊच्या नऊ फुटल्या, एकही अडकली नाही. मनीषाने ते पहिलं काडतूस उचलून उजेडात धरलं. "खूण खोल आहे. रायफलचा दोष नाही, काडतूसच खराब." तरी तिने आणखी दहा भरली. दहाही फुटल्या. तिने दोन्ही पंजे उघडून सासऱ्यांना दाखवले.

"झालं तर मंग," तात्या म्हणाले. "तुझ्या नावावर."

इथेच मी रायफल पुसून घरी गेलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मनीषाला कळलं होतं, पण ती बोलली नसती. मी तात्यांच्या खुर्चीजवळ गेलो आणि चूक माझी होती असं म्हणालो. त्यांनी कानाला हात लावला. मग मला ओरडावं लागलं. कबुलीजबाब हळू आवाजात द्यायचा असतो. मी तो सगळ्या रेंजला ऐकू जाईल असा दिला. "तुम्ही विचारलं होतं, सलामी चालेल का! मला वाटलं, हाताची सलामी! अशी!" आणि हात कपाळाला लावून दाखवला. रिकामा चाप ओढूनच रायफल बिघडली, हेही ओरडून सांगितलं.

तात्या आधी हसले. कवळी हातात घ्यायची वेळ आली, इतके हसले. मग हळूहळू थांबले आणि रायफलीकडे बघत राहिले.

"म्हंजी दरसाली पूजा करून आमी हिला मारीतच व्हतो म्हना की," ते म्हणाले.

मी खाली पडलेली पितळी टरफलं वेचायला लागलो.

"तुमी न्हाई म्हनला असता, तर आमी ऐकलं असतं, मिस्त्री. तुमच्या शब्दावर केलं." ते काठीवर जोर देऊन उठले. "बास. सलामी बंद."

ते रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. गाडीत बसताना मनीषा मला म्हणाली, "आप्पांपासूनची रीत होती, काका." तिने दोष दिला नाही, फक्त माहिती दिली.

कागद वेळेत झाले, रायफल मनीषाच्या नावावर चढली. माझं काम संपलं होतं. तरी पावसाळाभर ते 'सलामी बंद' माझ्या डोक्यातून जाईना. दसऱ्याच्या आठ दिवस आधी मी नायलॉनची कांडी लेथवर लावली आणि बावीसच्या मापाच्या तीन खोट्या गोळ्या कातल्या. काठ मुद्दाम जाड ठेवला. सुईने आपटावं, मार नायलॉनने खावा, नळीला धक्काही लागू नये. डबी मनीषाच्या हातात दिली तेव्हा तिने कॅलिपर काढून तिन्ही मापल्या. क्वालिटीची माणसं तशीच असतात. "दसऱ्याला तुम्ही या," ती म्हणाली.

सकाळी विहारात जाऊन आलो आणि दुपारी तसाच, पांढऱ्या कपड्यांत, रहाटणीला गेलो. तिन्ही बाजूंना इमारती आणि मधे तात्यांचं बैठं घर. पाटावर रायफल, कोयता, दिलीपच्या जेसीबीची किल्ली, कुणाचा तरी लॅपटॉप. मनीषाने हळदीकुंकवाची पाच बोटं लोखंडावर न उठवता दस्त्याच्या लाकडावर उठवली होती. आरती झाली. मग बाराएक माणसं, हात कुठे ठेवावे ते न कळून उभी राहिली. दरवर्षी या वेळेला त्यांना काम असायचं. तात्या खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होते.

मनीषाने रायफल उचलली, डबीतली एक गोळी आत घातली, कडी मारली आणि सासऱ्यांसमोर उभी राहिली. "तात्या, मिस्त्रींनी खोटी गोळी केलीय! आता सलामी देता येते!"

तात्यांनी मान वर करून मला शोधलं. "मिस्त्री, चालंल का? हिला काय व्हनार न्हाई ना?"

तोच प्रश्न होता. या वेळी मी आधी विचारलं. किती जण देणार? प्रत्येक वेळी गोळी आत असल्याचं कोण बघणार? काठ झिजला की बदलणार कोण? मनीषा म्हणाली, मी. मग मी म्हणालो, "चालेल!"

"मंग जिच्या नावावर हाय ती आदी देईल," तात्या म्हणाले. त्या घरात आजवर कुठल्या बाईने तो चाप ओढला नव्हता. मनीषाने नळी आभाळाकडे केली. तात्या पुढे झुकले आणि त्यांनी पंजा कानामागे धरला.

तिने चाप ओढला. नायलॉनने मार खाल्ला. खट् असा आवाज आलाच नाही. गादीवर बोट आपटावं तेवढाच काहीतरी आवाज झाला, तोही जवळच्यांना ऐकू आला असेल तर. ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. रायफल वाचवायच्या नादात मी सलामीतला आवाज खाऊन टाकला होता. तात्या तसेच झुकलेले, वाट बघत.

"वाजली का?" त्यांनी विचारलं. मुलाला नाही, सुनेला नाही, मलाच.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"वाजली!" मी ओरडलो. "चांगली वाजली, तात्या!"

त्यांनी मान डोलावली. मग माझ्याकडे बघत उजवा हात कपाळाला लावला, मी रेंजवर लावून दाखवला होता तसा, आणि तिथेच धरून ठेवला. हात किती वेळ वर ठेवायचा, ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी मीही लावला.